बिडी सोडायची ठरवलीस ना, मग हे ऐक

बिडी लहान, तंबाखू कमी, म्हणून त्रासही कमी, असं सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात तुला कुणीतरी सांगेलच. ऐकू नकोस. बिडी विझू नये म्हणून झुरके जोरात आणि वरचेवर ओढावे लागतात. टार आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत भरपूर जातं. त्यात सुताची धूळ आहेच.

पहिले तीन-चार दिवस फार कठीण. चिडचिड होईल, झोप उडेल. पण एकेक तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढ. टपरीवरचा चहा काही आठवडे बंदच ठेव.

निकोटिनचं गम घेतलंस तर सलग चघळू नकोस. हळू चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, निकोटिन नीट शोषलं जात नाही. आणि बिडीऐवजी मावा मुळीच धरू नकोस, त्यानं तोंडाचा कॅन्सर होतो. आपल्याकडची पोरं हेच करतात, जीव तुटतो रे.

सरकारचा मोफत नंबर आहे, १८००-११-२३५६, लाजू नकोस, फोन कर. चुकून एखादी ओढलीस तरी त्याच दिवशी पुन्हा सुरुवात कर.