'मध्यमवयीन संकट' म्हणावं का?

प्रश्न असा: अमेरिकी कादंबऱ्यांवर लेख लिहिताना 'मिडलाइफ क्रायसिस'ला 'मध्यमवयीन संकट' म्हटलेलं चालेल का?

माझ्या मते नको. मध्यमवयीन असतो तो माणूस. इथे संकटाचंच वय झाल्यासारखं वाटतं. पण व्याकरण एक वेळ सोडून देऊ, खरा घोटाळा 'संकट' शब्दात आहे. संकट येतं, कोसळतं, ओढवतं, म्हणजे बाहेरून. या कादंबऱ्यांत बाहेरचं सगळं बहुधा सुरळीत चाललेलं असतं आणि तरी माणसाचं मन उडतं.

सिंक्लेअर लुईसची 'बॅबिट' (१९२२) घ्या. एप्रिल १९२०, जॉर्ज बॅबिट ४६ वर्षांचा, घरं विकण्याचा धंदा जोरात. पहाटे स्वप्नात एक परीसारखी मुलगी दिसते. तेवढ्यात दुधाच्या गाडीचा खडखडाट, कुणाची तरी गाडी सुरू करण्याची धडपड आणि भारीतल्या घड्याळाचा गजर. उठतो तो करवादतच. याला संकट कसं म्हणणार? मनात पडलेला पेच आहे हा. म्हणून समीक्षेत 'मध्यवयातला पेच' लिहावं. 'घालमेल' जवळचा शब्द, पण ती परीक्षेच्या निकालाआधीही होते. वर्षानुवर्षं मुरलेल्या अस्वस्थतेला तो अपुरा पडतो.

'चाळिशी' जपून वापरा. 'चाळिशी लागली' म्हटलं की वाचकाला आधी चष्मा आठवतो. शिवाय वयही जुळत नाही. ही संज्ञा रूढ करणारा मानसशास्त्रज्ञ एलियट जॅक्स १९६५च्या निबंधात पस्तिशीच्या आसपासचं बोलतो, आणि बॅबिट तर पन्नाशीकडे झुकलेला.

१९६५ हे साल अनुवाद करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं. 'बॅबिट'च्या काळात ही संज्ञाच नव्हती. तिथे निवेदकाच्या तोंडी कुठलाच पारिभाषिक शब्द घालू नये. 'कशातच राम वाटेना', 'जीव रमेना' अशी क्रियापदंच काम करतात. बॅबिट परस्त्रीच्या नादी लागतो तेव्हा गावाच्या कुजबुजीत 'म्हातारचळ' फक्कड बसेल, निवेदनात मात्र नाही, कारण त्या शब्दात निकाल आधीच देऊन टाकलेला असतो.

जॉन अपडाइकच्या 'रॅबिट इज रिच'मधला (१९८१) हॅरी अँगस्ट्रॉमही ४६चाच, टोयोटा विकणारा, पैसा खुळखुळतोय. पुस्तकाच्या सुरुवातीला बॅबिटचंच वाक्य दिलंय, म्हणजे नातं लेखकानेच जाहीर केलेलं. पण एव्हाना मोठेपणीच्या वयाच्या टप्प्यांवरचं गेल शीहीचं लोकप्रिय पुस्तक 'पॅसेजेस' (१९७६) घरोघरी पोचलं होतं, आणि त्याबरोबर ही संज्ञाही. त्या काळातलं पात्र स्वतःच हा शब्द उच्चारत असेल तर संवादात सरळ 'मिडलाइफ क्रायसिस' ठेवा. आपल्याकडेही लोक बोलताना तेच म्हणतात.

बायकांच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा: 'त्या वयातलं' म्हटलं की मराठी वाचक पाळी जाण्याशी जोडतो. अ‍ॅन टायलरच्या 'लॅडर ऑफ इयर्स'मधली (१९९५) चाळीस वर्षांची डीलिया समुद्रकिनाऱ्यावरून, पोहण्याच्या कपड्यांत, घरच्यांना सोडून चालू लागते. तिच्या डोळ्यांचा रंग कोणता, हेही घरच्यांना धड सांगता येत नाही. तिथे 'पेच'ही लिहू नका. 'ती उठली आणि चालू लागली' एवढंच पुरे.