मेन्यूकार्डावरच्या फोटोतलं खाणं खरं असतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: फोटोतलं खाणं खरं असतं का, आणि फूड स्टायलिस्ट, म्हणजे फोटोसाठी पदार्थ सजवणारी व्यक्ती, व्हायला स्वयंपाक यावाच लागतो का. मी इंदूरमध्ये हॉटेलांसाठी आणि मिठाईवाल्यांसाठी हेच काम करते. दुसऱ्याचं उत्तर आधी देते. हो, यावाच लागतो. सजावट शिकता येते. पण कोणता पदार्थ ताटलीत किती मिनिटं टवटवीत राहतो, हे तो स्वतः शंभरदा केल्याशिवाय कळत नाही.

आमचे पोहेच घ्या. इथे खालच्या पातेल्यात पाणी उकळत असतं आणि पोहे वर वाफेवर असतात, म्हणून ते इतके मऊ राहतात. फोटोच्या वेळी तीच वाफ नडते. वर घातलेली शेव पाहता पाहता सादळते, कोथिंबीर मान टाकते. पहिल्याच वर्षी एका हॉटेलच्या कामात मी शेव आणि जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) घालून ताटली सजवली आणि मग लाइट लावण्यात अर्धा तास गेला. सगळं पुन्हा करावं लागलं, आणि ते पोहे वाया गेल्याचं मला फार लागलं.

तेव्हापासून दोन ताटल्या. लाइट, कोन, फोकस सगळं डमीवर ठरवायचं. मग 'हीरो' ताटली, म्हणजे जिचा खरा फोटो काढायचा ती, आणायची: पोहे कोमट, कोथिंबीर थेट बर्फाच्या पाण्यातून काढून टिपलेली, शेव चिमट्याने, आणि जिरावन सगळ्यात शेवटी चहाच्या गाळणीतून. पोह्यांसोबतच्या जिलबीवर त्याच क्षणी ब्रशने गरम पाक फिरवायचा.

सगळ्यात अवघड भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसाचा, कीस. तुपात परतून दुधात शिजला की चवीला तोड नाही, पण फोटोत नुसता पिवळा गोळा दिसतो. मी थोडा जाडसर कीस वेगळा, कमी शिजवून ठेवते आणि तो वर पसरते. लाइट मागून, जरा तिरका. मग एकेका दाण्याची सावली पडते. सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, पिवळ्या दिव्यांखाली काढलात तर कीस, खोबरं, ताटली, सगळं एकाच रंगाचं येतं.

आता खऱ्या-खोट्याचं. गार पेल्यावरचे थेंब बहुतेकदा ग्लिसरीन आणि पाण्याचे असतात, आइस्क्रीमच्या जागी उकडलेला बटाटाही वापरतात. विकायची वस्तू आइस्क्रीम नसून वाटी असेल तर मला त्यात गैर वाटत नाही. पण भाजीच्या वाटीत खाली दुसरी वाटी उपडी घालून पनीर वर काढणं मी करत नाही. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीने सूपच्या जाहिरातीत भाज्या वर दिसाव्यात म्हणून तळाला काचेच्या गोट्या घातल्या होत्या; 1970 च्या सुमारास तिथल्या व्यापार आयोगाने ते बंद करायला लावलं. आपल्याकडेही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे. गिऱ्हाइकाला चार तुकडे मिळणार असतील तर माझ्या फोटोतही चारच.

सुरुवातीला महागडं काही घेऊ नका. खिडकी, पांढरी कार्डशीट, चिमटा, ब्रश पुरे. भुट्टे आले की कीस करा, खिडकीशी ठेवा आणि दर दोन मिनिटांनी एक फोटो काढा. कितव्या फोटोपासून तो कोरडा दिसायला लागला, ते वहीत लिहा.