सिअ‍ॅटलचे गळे
(वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात ग्रंज, म्हणजे सिअ‍ॅटलभोवती घडलेल्या रॉक संगीतातल्या निर्वाना या बँडच्या ‘अनप्लग्ड’ मैफलीबद्दल मी थोडंसं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांमधून पाच घेतली आहेत. बहुतेकांनी गायकांच्या मृत्यूंबद्दल विचारलं आहे. मी मात्र शक्य तिथे त्यांच्या गाण्याबद्दल बोलणार आहे, कारण ही माणसं आपल्यापर्यंत पोहोचली ती गाण्यामुळे.

ताई, आमच्या हॉस्टेलवर रोज वाद होतो. निर्वाना, पर्ल जॅम, साउंडगार्डन आणि अ‍ॅलिस इन चेन्स, या चौघांत सगळ्यांत मोठा गायक कोणाचा? मी म्हणतो साउंडगार्डनचा ख्रिस कॉर्नेल, रूममेट म्हणतो निर्वानाचा कर्ट कोबेन. तुम्ही निकाल द्या.
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

गळ्याची ताकद आणि तयारी बघायची तर निकाल तुझ्या बाजूनं. कॉर्नेलचा आवाज तार सप्तकात जातो तेव्हा बारीक होत नाही, उलट त्याला धार येते. साउंडगार्डन 1984 मध्ये सुरू झालं तेव्हा हा माणूस ड्रम वाजवता वाजवता गात होता. पुढे दुसरा ड्रमर आला आणि तो नुसता गायला मोकळा झाला. 1991 च्या ‘बॅडमोटरफिंगर’मधलं ‘स्लेव्ह्ज अँड बुलडोझर्स’ लाव. शेवटाकडे तो ज्या उंचीवर जाऊन टिकतो, तिथे आवाज फाटेल अशी भीती वाटते, आणि तो फाटत नाही.

पण कॉर्नेल आणि पर्ल जॅमचा एडी व्हेडर यांची तुलना करायची असेल तर तुम्हा दोघांसाठी एक गाणं आहेच. मदर लव्ह बोन या बँडचा गायक अँड्र्यू वुड मार्च 1990 मध्ये हेरॉइनमुळे गेला. कॉर्नेल एकेकाळी त्याच्याबरोबर एका घरात राहिलेला. मित्राच्या आठवणीत त्यानं गाणी लिहिली आणि वुडच्या साथीदारांना घेऊन ‘टेंपल ऑफ द डॉग’ नावाचा अल्बम केला. त्याच सुमाराला व्हेडर सॅन दिएगोहून सिअ‍ॅटलला आला होता. वुडच्या साथीदारांना नव्या बँडसाठी (तोच पुढे पर्ल जॅम झाला) गायक हवा होता, त्यांच्या वाद्यसंगीताची टेप हातोहात त्याच्यापर्यंत पोहोचली होती, आणि त्यानं त्यावर शब्द रचून, स्वतः गाऊन ती परत पाठवली होती. ‘टेंपल ऑफ द डॉग’मधल्या ‘हंगर स्ट्राइक’ या गाण्याच्या तालमीत खालचा भाग कॉर्नेलला नीट जमेना. कोपऱ्यात बसलेला हा नवखा, लाजाळू मुलगा उठला आणि माइकवर जाऊन तो भाग गायला. तो तसाच राहिला. खालचा जाड, मातकट आवाज व्हेडरचा, वरचा कॉर्नेलचा. दोघं एकच ओळ आलटून पालटून घेतात तेव्हा कोण मोठा हा प्रश्न मला तरी पडत नाही.

आता कोबेन. तुझ्या रूममेटचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्याचा पल्ला कॉर्नेलइतका नाही, पण शब्द फेकण्याची जी ताकद त्याच्याकडे होती ती शिकवून येत नाही. मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते. ‘नेव्हरमाइंड’ (1991) करताना निर्माता बुच व्हिगला त्याचा आवाज दुहेरी हवा होता, म्हणजे तीच ओळ पुन्हा गाऊन पहिल्या टेकवर चढवायची. कोबेनला ते नकली वाटे, तो तयार होईना. जॉन लेननही असंच करायचा, हे व्हिगनं सांगितल्यावर तो राजी झाला. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ या गाण्यात आवाज इतका भरून येतो त्यामागे हे आहे. दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट. त्याच अल्बममधलं ‘समथिंग इन द वे’ बँडबरोबर नेहमीसारखं घ्यायला जमलं नाही. शेवटी कंट्रोल रूममध्ये, कोचावर आडवं पडून, जवळजवळ पुटपुटत तो ते गायला. व्हिगनं पंखा बंद केला, फोन बंद केले आणि टेप फिरवली. गिटार धड सुरातही नव्हती. ड्रम, बास आणि चेलो नंतर त्या गिटारीच्या सुराशी जुळवून घेतले गेले. इतक्या हळू आवाजात गाताना शब्द सुटू न देणं किती अवघड आहे, हे माझ्या स्टुडिओत गायला येणाऱ्या कुणालाही विचार.

आणि तरी माझा कौल तिसऱ्याच माणसाला आहे. अ‍ॅलिस इन चेन्सचा लेन स्टेली. माझा कान ख्यालावर वाढलेला. आपल्याकडे दोघं गातात तेव्हा एका सुरावर येतात, नाहीतर एक थांबतो आणि दुसरा पुढे नेतो. स्टेली आणि गिटारवादक जेरी कँट्रेल एकाच वेळी दोन वेगवेगळे सूर धरतात, आणि ते सूर एकमेकांच्या इतके जवळ असतात की ऐकताना अंगावर काटा येतो. हार्मनी म्हणजे गोडवा असं मी समजत आले होते. इथे हार्मनी दुखते. ‘डर्ट’ (1992) मधल्या ‘वुड?’ या गाण्यात कडवी कँट्रेल गातो, धृपद स्टेली. हे गाणंही अँड्र्यू वुडच्याच आठवणीतलं. कडवं संपून स्टेलीचा आवाज उघडतो तो क्षण हेडफोनवर ऐक. नंतर 1994 च्या ‘जार ऑफ फ्लाइज’मधलं ‘नटशेल’ ऐक. तिथे आरडाओरडा अजिबात नाही, आणि तरी दुसऱ्या कुणाचा आवाज तिथे चालला असता असं मला वाटत नाही. या दोन गाण्यांनंतर हॉस्टेलचा वाद कुठे जातो ते कळव.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. दिवसभर कानात हेडफोन आणि त्यात निर्वाना. त्या गायकानं आत्महत्या केली हे मला अलीकडेच कळलं, आणि झोप उडाली. मी हे ऐकणं बंद करायला लावू का?
– एक आई, नाशिक

बंद करायला लावू नका. लपून ऐकेल, आणि तुमच्याशी बोलायचा एक विषय कमी होईल.

तुमची भीती समजते. कोबेन 5 एप्रिल 1994 ला गेला तेव्हा 27 वर्षांचा होता. त्याला अनेक वर्षांचं पोटाचं दुखणं होतं, हेरॉइनचं व्यसन होतं, नैराश्य होतं. तो आजारी होता आणि उपचार अर्धवट राहिले. त्याच्या गाण्यांनी त्याला मारलं असं म्हणणं चूक आहे. गाणं ही त्याच्या आयुष्यातली धडपणानं चाललेली गोष्ट होती.

तो गेल्यावर सिअ‍ॅटलमध्ये अनेकांना तुमच्यासारखीच धास्ती वाटली होती. 10 एप्रिलला हजारो मुलं शहरात शोकसभेला जमली. तिथे गाणी लागली आणि मदतीसाठी कुठे फोन करायचा तेही सांगितलं गेलं. नंतर अभ्यासकांनी आकडे तपासले. त्या भागात आत्महत्या वाढल्या नव्हत्या, मदतकेंद्राला येणारे फोन मात्र वाढले होते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मुलं बोलत होती, कारण त्यांच्याशी कुणीतरी सरळ बोललं होतं.

तर तुम्ही गाणं सोडून मुलाकडे बघा. झोप, जेवण, मित्र, अभ्यास यांत अचानक मोठा फरक पडला आहे का? आवडत्या गोष्टी सोडून देतोय का, जवळच्या वस्तू वाटून टाकतोय का, ‘मी नसलो तर बरं’ अशा धर्तीचं काही बोलतोय का? तसं काही दिसलं तर आडून न विचारता थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि तुम्ही स्वतः घाबरला असाल तर तुम्हीही तिथे फोन करू शकता.

यातलं काही नसेल तर एका संध्याकाळी त्याला म्हणा, तुझं आवडतं गाणं मला ऐकव. पूर्ण ऐका. मध्ये बोलू नका. 18 नोव्हेंबर 1993 ला न्यूयॉर्कमध्ये चित्रित झालेली ती ‘अनप्लग्ड’ मैफल दोघांनी मिळून पाहिलीत तर उत्तमच. तिचा शेवट एका जुन्या अमेरिकन लोकगीतानं होतो. लेड बेली या काळ्या गायकानं ते आधीच्या पिढीत गाजवलं होतं. शेवटच्या ओळीत कोबेन मध्येच थांबतो, एक श्वास घेतो, आणि मग ओळ पुरी करतो. तो श्वास तुम्हाला ऐकू आला का हे मुलाला विचारा, आणि मग तो काय सांगतो ते ऐका.

कोबेन, स्टेली, कॉर्नेल, स्क्रीमिंग ट्रीजचा मार्क लॅनेगन. या पिढीतलं कुणी उरलं आहे की नाही?
– एक वाचक, सोलापूर

आहेत. व्हेडर आणि पर्ल जॅम तर आहेतच. पण मला मार्क आर्मचं नाव घ्यायचं आहे. ग्रीन रिव्हर या बँडचा हा गायक. तो बँड फुटला तेव्हा दोघं जण पुढे पर्ल जॅममध्ये पोहोचले, आणि आर्मनं 1988 मध्ये मडहनी सुरू केला. त्या वर्षीचं त्यांचं ‘टच मी आय’म सिक’ ऐकलंत तर निर्वाना कोणत्या मातीतून आला ते कळेल. पैसा आणि प्रसिद्धी इतरांकडे गेली. आर्म पुढे अनेक वर्षं सब पॉप या आपल्याच रेकॉर्ड कंपनीच्या गोदामाचं काम बघत होता आणि गातही होता. मडहनीचा ‘प्लास्टिक इटर्निटी’ 2023 मध्ये आला. या सगळ्या पिढीत मला सर्वांत जास्त आदर कुणाबद्दल असेल तर या माणसाबद्दल.

ग्रंजबद्दल वाचावं तर सगळी पुरुषांचीच नावं. बायका गात नव्हत्या का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

गात होत्या, आणि काही जणी पुरुषांपेक्षा धीट गात होत्या. लॉस एंजेलिसचा एल सेव्हन हा चारही बायकांचा बँड. ‘नेव्हरमाइंड’ घडवणाऱ्या व्हिगनंच त्यांचा ‘ब्रिक्स आर हेवी’ (1992) केला. गर्भपाताच्या हक्कासाठी त्यांनी 1991 मध्ये ‘रॉक फॉर चॉइस’ या मैफली सुरू केल्या. होल या बँडचा ‘लिव्ह थ्रू धिस’ कोबेनच्या मृत्यूनंतर आठवड्याभरात आला, आणि होलची गायिका कोर्टनी लव्ह हिच्याकडे त्याची पत्नी म्हणूनच पाहिलं गेलं. तो अल्बम स्वतःच्या पायावर उभा आहे. एकाच ओळीत कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत जाणारा तिचा आवाज ऐका.

पण तुम्ही मिया झपाटाला ऐकावं अशी माझी इच्छा आहे. ती द गिट्सची गायिका. ओहायोमधल्या कॉलेजात जमलेला हा बँड 1989 मध्ये सिअ‍ॅटलला आला. तो मुळात पंक, पण त्याच गल्ल्यांतला. तिच्या गळ्यात ब्लूज होता. 1992 च्या ‘फ्रेंचिंग द बुली’मध्ये ती ओरडते तेव्हाही सूर सोडत नाही. 7 जुलै 1993 ला पहाटे घरी जाताना तिच्यावर बलात्कार करून तिचा खून केला गेला. ती 27 वर्षांची होती. पोलिसांना माग लागेना, तेव्हा शहरातल्या बँडनी कार्यक्रम करून खासगी तपासासाठी पैसे उभे केले. तिच्या मैत्रिणींनी ‘होम अलाइव्ह’ ही स्वसंरक्षण शिकवणारी संस्था काढली. गुन्हेगार डीएनएवरून सापडला आणि 2004 मध्ये दोषी ठरला, अकरा वर्षांनी. ‘सत्ताविसाव्या वर्षी गेलेले’ अशा याद्या छापतात त्यात कोबेन असतो, ही बहुतेक वेळा नसते. मला त्याचा राग येतो.

या संगीताचा भारताशी काही संबंध आहे का? आणि साउंडगार्डनची गाणी गिटारवर वाजवताना सूर जुळत नाही, काय चुकतं?
– एक वाचक, ठाणे

संबंध आहे. साउंडगार्डनचा गिटारवादक किम थायिल हा केरळहून अमेरिकेला गेलेल्या आईवडिलांचा मुलगा. जन्म सिअ‍ॅटलचा, वाढला शिकागोजवळ, तत्त्वज्ञानाची पदवी वॉशिंग्टन विद्यापीठाची. त्याच्या वादनात भारतीय राग शोधायला जाऊ नका, तो ब्लॅक सबाथ आणि पंक ऐकत वाढलेला माणूस आहे. मात्र ‘स्पूनमन’ (1994) लावून हातावर मात्रा मोजा. मुख्य रिफ, म्हणजे गिटारवर परत परत येणारा तुकडा, सात मात्रांचा आहे. रूपक तालाची सवय असलेल्याला तो लगेच सापडतो. आपण हे मोजून केलं नाही, वाजवताना तसं झालं, असं त्या बँडमधले सांगत आले आहेत. आणि व्हेडरचा आवाज आपल्या उपखंडाच्या आवाजाशेजारी ऐकायचा असेल तर ‘डेड मॅन वॉकिंग’ या चित्रपटासाठी तो नुसरत फतेह अली खाँसाहेबांबरोबर दोन गाणी गायला आहे. खाँसाहेबांच्या आलापीशी स्पर्धा न करता तो खाली शांत उभा राहतो. ती समज फार थोड्या रॉक गायकांकडे आहे.

आता गिटार. तुमचं बहुधा काही चुकत नाही, ट्यूनिंग वेगळं आहे. साउंडगार्डनच्या कितीतरी गाण्यांत सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार ‘ई’वरून ‘डी’वर उतरवलेली असते. हे ड्रॉप डी. त्यामुळे जाड तीन तारांवर एकच बोट आडवं ठेवून पॉवर कॉर्ड वाजतो आणि रिफ भराभर सरकवता येतो. ‘स्पूनमन’ आणि ‘ब्लॅक होल सन’ दोन्ही यातच आहेत. ‘रस्टी केज’ला तीच तार आणखी खाली, थेट ‘बी’पर्यंत नेलेली आहे. अ‍ॅलिस इन चेन्स वाजवणार असाल तर बहुतेक ठिकाणी सगळ्याच तारा अर्धा स्वर खाली घ्याव्या लागतील, आणि निर्वानाच्या ‘कम अ‍ॅज यू आर’ला पूर्ण एक स्वर.

तारांचा नऊचा, म्हणजे बारीक सेट लावला असेल तर उतरवलेली तार लिबलिबते आणि फ्रेटवर खडखडते. दहाचा किंवा अकराचा, म्हणजे जाड घ्या. आणि ढिल्या तारेवर जोरात पिक मारलं की पहिला क्षणभर सूर चढा लागतो, तेव्हा ट्यूनर बरोबर दाखवत असूनही रेकॉर्डिंगमध्ये बेसूर ऐकू येतं. आधी महिनाभर डिस्टॉर्शन बंद ठेवून, हलक्या हातानं वाजवा.