रॅम वाढवता न येणारा स्वस्त लॅपटॉप घ्यावा का?

भाचीच्या बी.कॉम.साठी ८ जीबीचा स्वस्त लॅपटॉप बघितलाय, रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, म्हणजे डाख देऊन कायमची जोडलेली आहे, घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ.

मी सोलापुरात टॉवेल-चादरवाल्यांची जीएसटी रिटर्न भरतो, गिऱ्हाइकं बहुतेक अक्कलकोट रोड एमआयडीसीतली. २०१९ला, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, आमच्या दाजींनी मला असाच एक घ्यायला लावला. तोही ४ जीबीचा! दुकानातच मी म्हटलं, ‘दाजी, चार कमी पडेल.’ तर म्हणे, ‘घे बे, रॅम काय नंतर पण टाकता येते.’ बहिणीचा नवरा, त्यात दुकानदार त्यांच्या ओळखीचा. गप्प बसलो.

हिशेबाचं टॅली, एक्सेल आणि क्रोममध्ये जीएसटीचं पोर्टल एकदम उघडलं की मशीन गपगार. त्या चारातलं थोडं ग्राफिक्सच खातं, आणि रॅम भरली की सगळा पसारा हार्ड डिस्कवर. ती डिस्कही जुनी, फिरणारी, म्हणजे हळू. सहा महिन्यांनी २० तारखेच्या, म्हणजे शेवटच्या रात्री एकाचं ३बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) राहिलंच. दिवसाला ५०प्रमाणे दोन दिवसांची लेट फी मी खिशातून भरली. शंभराचं काही नाही हो, गिऱ्हाइक गेलं.

नवी पेठेत एका पोराकडं नेला. त्यानं मागचं झाकण काढून मोबाइलचा टॉर्च मारला. ‘काका, रॅम घालायचा स्लॉटच नाही. ह्या काळ्या चिपा दिसतात ना, हीच रॅम.’ घरी येऊन २०१२चा डेस्कटॉप झटकला. त्यात रॅम २ची ८ जीबी मी स्वतः केली होती. पुढची दोन वर्षं त्याच्यावरच काढली.

विंडोज ११ला किमान ४ जीबी लागते म्हणतात, ती नुसतं चालू व्हायला. ॲपलनंसुद्धा २०२४च्या ऑक्टोबरात मॅकबुक एअरची सुरुवात ८वरून १६वर नेली. सोल्डर केलेली रॅम मुळात वाईट नसते, बऱ्याचदा बॅटरीही कमी खाते. १६ जीबीचा असेल तर खुशाल घ्या. काही मॉडेलांत ८ सोल्डर आणि शिवाय एक स्लॉट असतो, तोही चालेल. पण दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका, मॉडेल नंबर घालून कंपनीच्या साइटवर बघा. भाचीला फक्त टायपिंग आणि व्हिडिओच असतील तर ८ पण पुरेल म्हणा.

दाजी अजून म्हणतात, त्या रात्री पोर्टलच स्लो होतं. होतं, मान्य आहे. पण लॅपटॉप त्याच्या आधी अडकला होता.