अंगात एवढी चरबी असते, मग श्वास थांबला की माणूस पाच मिनिटांत का जातो?

तुमच्या नववीतल्या मुलीने विचारलंय की पोटात अन्न नसलं तरी माणूस महिनाभर तग धरतो, मग श्वास थांबला की पाच मिनिटांतच का जातो, अंगातली चरबी तेव्हा कामाला का येत नाही. मी अकरावी-बारावीला बायो शिकवते, आणि खरं सांगते, इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचित येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी साधा हिशोब बघा. एक ग्रॅम चरबीत ९ कॅलरी, म्हणजे १० किलो चरबीत ९० हजार, दिवसाला २ हजार लागतात म्हटलं तरी दीड महिना निघतो. आता ऑक्सिजन बघा. रक्तातला, फुप्फुसातला, स्नायूंतला सगळा धरून शरीरात दीड लिटरच्या आसपास असतो, आणि नुसतं पडून राहिलं तरी मिनिटाला पाव लिटर लागतो. भागाकार करा, पाच-सहा मिनिटं येतात, आणि त्यातलाही सगळा वापरता येत नाही. थोडक्यात अन्नाचं कोठार आहे पण ऑक्सिजनचं नाही.

पण खरी गंमत पुढे आहे, ऑक्सिजन नक्की करतो काय? बहुतेकांना वाटतं ऑक्सिजन म्हणजेच ऊर्जा, श्वास घेतला की ऊर्जा आत गेली. तसं नाहीये. ऊर्जा अन्नातनंच येते, ऑक्सिजनचं काम शेवटी हात रिकामे करायचं.

आमच्या गावच्या घराचा स्लॅब टाकला तेव्हा मी सहावीत होते. खाली मिक्सर फिरतोय, तिथपासून परांचीवरनं वरपर्यंत माणसांची साखळी, काँक्रीटने भरलेलं घमेलं एकाच्या हातातनं दुसऱ्याच्या, त्याच्या हातातनं तिसऱ्याच्या, सगळ्यात वरचा माणूस ओततो आणि रिकामं घमेलं खाली टाकतो. मधेच त्या वरच्या माणसाच्या पायात खिळा गेला, तो दोन मिनिटं बाजूला झाला, आणि बघता बघता अख्खी साखळी भरलेली घमेली हातात धरून उभी! खाली माल होता, माणसं होती, कुणीच दमलं नव्हतं, तरी काम ठप्प, कारण शेवटी ओतून घ्यायला कुणी नव्हतं.

पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात (पुस्तकात तंतुकणिका म्हणतात) अगदी हेच चालतं. ग्लुकोज असो की चरबी, ती मोडून त्यातले इलेक्ट्रॉन काढले जातात आणि आतल्या पडद्यावरच्या प्रथिनांच्या साखळीतनं हातोहात पुढे जातात. प्रत्येक हातबदलात थोडी ऊर्जा सुटते, तिच्यावर प्रोटॉन पडद्याच्या पलीकडे ढकलले जातात, ते तिकडे साठतात, कोयनेच्या धरणात पाणी साठावं तसे, आणि परत येताना एका चाकातनं येतात. चाक म्हणजे खरोखरचं फिरणारं चाक बरं का, उपमा नाही. आपल्या पेशीत ८ प्रोटॉन आत आले की त्याचा एक फेरा होतो आणि एटीपीचे ३ रेणू तयार होतात (एटीपी म्हणजे पेशी कुठल्याही कामाला थेट खर्च करते ती ऊर्जेची सुटी नाणी). ही प्रोटॉन साठवायची कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली तेव्हा कित्येकांनी उडवून लावली होती, १९७८ मध्ये त्यांना त्याच कामासाठी नोबेल मिळालं. आणि चाक फिरताना जपानी शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष बघितलं.

ह्या साखळीत सगळ्यात वर उभा आहे तो ऑक्सिजन. तो इलेक्ट्रॉन घेतो, प्रोटॉन घेतो, त्याचं पाणी होतं. तो नसला की साखळीतल्या प्रत्येकाचे हात भरलेले, प्रोटॉन ढकलणं बंद, चाक बंद. सायनाइडने माणूस मरतो तोही असाच, फक्त तिथे ऑक्सिजन रक्तात भरपूर असतो, सायनाइड शेवटच्या प्रथिनाला धरून बसतं म्हणून ऑक्सिजनच्या हातात काही पोचतच नाही.

मग मुलगी म्हणेल, एटीपी साठवून का नाही ठेवत? साठवता येत नाही हो. एका वेळी शरीरात ५० ते १०० ग्रॅमच एटीपी असतं, आणि दिवसभरात, काही कष्ट न करता, सुमारे ४० किलो वापरलं जातं. म्हणजे तोच रेणू दिवसातनं शेकडो वेळा वापरून परत भरला जातो. (हे एटीपी १९२९ मध्ये सापडलं, जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि त्याच सुमारास अमेरिकेत फिस्के आणि आपल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बारावांचं नाव आपल्या मुलांना माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं, मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.)

ऑक्सिजनशिवाय एक तात्पुरता मार्ग आहे. शाळेच्या ग्राउंडवर ४०० मीटर जीव तोडून पळालात की शेवटी मांड्या जड होतात ना, तेव्हा स्नायू तोच वापरत असतात. ग्लुकोज अर्धवट मोडायचं, एका रेणूमागे २ एटीपी मिळवायचे (पूर्ण मोडला तर ३० ते ३२, जुन्या पुस्तकांत ३६ किंवा ३८ दिसेल), आणि घमेली बाजूलाच रिकामी करायची, म्हणजे लॅक्टेट बनवायचं. पण चरबीला हा मार्गच नाही! चरबी मोडताना सगळे इलेक्ट्रॉन त्या साखळीतच द्यावे लागतात, साखळी थांबली की चरबी जागच्या जागी पडून राहते. तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर हेच आहे, १० किलो असो नाहीतर ३० किलो, श्वास थांबल्यावर त्यातली एक ग्रॅमसुद्धा उपयोगाची नाही.

आणि मेंदूच आधी का जातो? वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन खातो २० टक्के, आणि स्वतःकडे ग्लुकोजचा साठा जवळपास नाहीच. त्याचं बरंचसं एटीपी सोडियम बाहेर फेकणाऱ्या पंपांवर खर्च होतं, पंप थांबले की सोडियम आत, त्यामागे पाणी आत, पेशी फुगते, मग कॅल्शियम घुसतं आणि आतलं सगळं मोडायला लागतं. रक्त पोचायचं थांबलं की दहा-पंधरा सेकंदात शुद्ध जाते, चार-पाच मिनिटांनंतर कायमची इजा सुरू होते.

म्हणून कुणी समोर अचानक कोसळलं, श्वास नाही, हाक मारून हलत नाही, तर आधी १०८ ला फोन आणि लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला घ्यायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला पाच-सहा सेंटिमीटर खोल. हृदय नुकतंच बंद पडलेलं असतं तेव्हा रक्तात थोडा ऑक्सिजन शिल्लक असतो, आपण तो नुसता मेंदूपर्यंत ढकलत राहतो. नववीतली मुलगी हे नक्की करू शकते, घरी उशीवर दाबून तिला दाखवा.