देखावा हवा, पण डिसेंबर पुरत नाही

प्रश्न : प्रभूमध्ये सलाम. आमची मंडळी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. दर नाताळाला आम्ही चर्चच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, ख्रिस्तजन्माचा देखावा उभारतो आणि आजूबाजूच्या गावांतले ख्रिस्ती नसलेले लोकही तो पाहायला येतात. मात्र डिसेंबरात कापसाची वेचणी, महिला मंडळ, कॉटेज प्रार्थना (घरोघरच्या प्रार्थनासभा), मुलांची नाटिका आणि गीतफेरी एकदमच येतात, व सगळा भार त्याच चार बायांवर आणि दोन-तीन तरुणांवर पडतो. गेल्या वर्षी रात्री जागून देखावा पुरा केला आणि नाताळाच्या उपासनेत आम्ही पेंगत बसलो. मंडळीतले एक वडील म्हणतात की, घरी आलेल्या येशूच्या सरबराईत गुंतलेल्या मार्थेसारखी धावपळ सोडा आणि शहरातून छापील फ्लेक्स आणून लावा. देखावा बंद करावा का?
— एक भगिनी

उत्तर : ताई, सलाम. देखावा बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जे लोक एरवी चर्चची पायरी चढत नाहीत, ते रस्त्यावर थांबून ख्रिस्तजन्माची गोष्ट पाहतात, ही लहान सेवा नव्हे. कमी करायचे असेल तर त्याच्याभोवती साचलेले कार्यक्रम कमी करावेत. वडिलांनी मार्थेचे नाव घेतले आहे. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात प्रभू तिला काम केल्याबद्दल टोकत नाही, ती ‘पुष्कळ गोष्टींविषयी’ काळजी व दगदग करते याबद्दल टोकतो. तुमच्या डिसेंबरचे दुखणे नेमके हेच ‘पुष्कळ’ आहे.

या बाबतीत बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकाकडे आपले फार कमी लक्ष जाते. त्याच्या 31व्या अध्यायात देव निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएल लोकांच्या उपासनेच्या तंबूच्या, कामासाठी बसालेल आणि अहलियाब या कारागिरांना नावाने निवडतो, बसालेलाला आपल्या आत्म्याने भरून कसब देतो, आणि त्याच अध्यायात लगेच शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळण्याची आज्ञा देतो. म्हणजे इतक्या पवित्र कामासाठीसुद्धा विसावा मोडायचा नव्हता. पुढे 36व्या अध्यायात लोक गरजेपेक्षा जास्त अर्पणे आणू लागतात, तेव्हा कारागीरच मोशेकडे येऊन तसे सांगतात आणि मोशे छावणीभर दवंडी देऊन लोकांना थांबवतो. ‘आता पुरे’ असे अधिकाराने सांगणारा माणूस तुमच्या मंडळीत कोण आहे? ते काम पाळकसाहेबांचे आणि पंचांचे आहे. त्यांनी ऑक्टोबरातच बसून डिसेंबरमधल्या कॉटेज प्रार्थना व महिला मंडळाच्या सभा थांबवाव्यात, आणि देखाव्यासाठी राबणारे हात नाटिकेत किंवा गीतफेरीत गुंतवू नयेत. हे ठरवण्याचे ओझे तुमच्यासारख्या राबणाऱ्या बाईवर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

चांगला देखावा मुळात सावकाश होतो. 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी गवत, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचे दृश्य उभे केले, तेव्हा त्यांनीही आपल्या ओळखीच्या माणसाला सुमारे पंधरा दिवस आधी तयारीचा निरोप दिला होता; आणि त्यांना तर गव्हाण, गवत व जनावरे यांपलीकडे काही नको होते. तुम्हीही दृश्य एकच ठेवा. मेंढपाळ, मागी (पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक), हेरोद राजाचा वाडा आणि मिसरचा प्रवास एका मांडवात कोंबल्याने रस्त्यावरच्या माणसाला काहीच धड दिसत नाही. गव्हाणीपुढे मरीया, योसेफ आणि एक बैल एवढे पुरे. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घडवणारा सुतार जवळपास असेल, तर त्याला दिवाळीपूर्वीच सांगून ठेवा. तुराट्यांचा कुड, बांबूच्या तट्ट्या आणि खरा कडबा यांनी गोठा उभा राहतो. ही जमवाजमव वेचणीची गर्दी होण्याआधी उरकावी आणि चौकटी अशा बांधाव्यात की त्या सुट्या करून पुढच्या वर्षासाठी ठेवता येतील.

वचनाच्या पाटीकडे विशेष लक्ष द्या, कारण बहुतेक देखावे तिथेच फसतात. दहा फुटांवरून सहज वाचता यावे म्हणून अक्षर निदान एक इंच उंच लागते, असा ढोबळ हिशेब आहे. रस्ता साठ फुटांवर असेल तर सहा इंच हवेत, आणि आपल्या काना-मात्रांसाठी वर-खाली जागा सोडावी लागते ती वेगळीच. त्यामुळे पूर्ण उतारा न लिहिता एकच ओळ घ्यावी. दिवा आडून, बाळाच्या बाजूने पडू द्यावा. लुकलुकणाऱ्या माळा चेहऱ्यांवरचे लक्ष खेचून घेतात. मांडणी 22 तारखेच्या संध्याकाळपर्यंत पुरी करून त्यानंतर कुणी तिला हात लावू नये, मग एखादी मेंढी अपुरी राहिली तरी चालेल.

फ्लेक्स आणायचाच झाला तर तो उपासनेच्या वेळा कळवण्यासाठी फाटकावर लावा. गोठा मात्र तुमच्या मंडळीच्या हातचाच असू द्या. यंदा त्यासाठी जे दोघे-तिघे निवडाल, त्यांची नावे आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी उपासनेत वाचून त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असे पाळकसाहेबांना सुचवा.