सायकलची सीट बदललीये, मांड्या सोलवटू नयेत आणि फोड येऊ नयेत म्हणून आधीच काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की इंदूरच्या राजेंद्रनगरहून महूपर्यंत आठवड्यातून तीन-चारदा जाता, कंपनीची गुबगुबीत सीट काढून नवी निमुळती घेतलीये आणि लोक आता घाबरवतायत की केसतुडं होणार बघा. माझं मत विचाराल तर सीट नवी आहे म्हणून फोड येत नाहीत, सीट बदलताना आपल्या नकळत बाकीची मापं बदलतात म्हणून येतात. हे मी स्वतःच्या बुडावर शिकलोय म्हणून जरा लांबलचक लिहितो.

मी शनिवारी संध्याकाळी नवी सीट लावली आणि रविवारी पहाटे ग्रुपबरोबर थेट उज्जैन, जाऊन-येऊन शंभरच्या वर. जाताना मस्त. येताना सांवेरच्या आसपास उजव्या बाजूला काहीतरी काचायला लागलं, घरी येईपर्यंत लालभडक आणि तिसऱ्या दिवशी टचटचीत केसतूड. आठवडाभर ऑफिसात एका बाजूला कलून बसलो, सगळ्यांना वाटलं मूळव्याध, एकाने तर न मागता चूर्णवाल्याचा नंबर पाठवला.

सीटला भरपूर शिव्या घालून झाल्या. मग जुनी सीट शेजारी ठेवून टेप लावली तर काय, खालच्या रॉडपासून वरच्या टेकणीपर्यंत नवी सीट दीड सेंटीमीटर जास्त उंच! म्हणजे सीटचा पाइप मी हलवलाच नव्हता पण बसायची उंची दीड सेंटीमीटर वाढली होती, पेडल खाली गेलं की पाय पुरत नव्हता, मग कंबर प्रत्येक वेळी डावी-उजवीकडे डोलणार आणि कातडी घासणार. मिनिटाला 80 पेडल धरा, तासाला 4800 झाले. कोणाची कातडी टिकेल?

म्हणून जुनी सीट अजून लावलेली असेल तर काढायच्या आधी मापं घ्या. पेडलचे दांडे जिथे जोडलेत त्या मधल्या बोल्टपासून पाइपच्या रेषेत सीटच्या वरपर्यंत किती, हे एक. दुसरं हँडलपासूनचं अंतर, पण ते सीटच्या टोकापासून घेऊ नका कारण हल्लीच्या सीटची नाकं आखूड असतात आणि सगळं माप चुकतं, जिथे सीटची रुंदी 8 सेंटीमीटर होते तिथे खूण करून तिथून घ्या, दोन्ही सीटवर तसंच. आधीच काढून टाकली असेल तरी हरकत नाही, जुनी परत लावून मापा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि तीही चुकीच्या उंचीवर असेल असं वाटत असेल तर टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली न्या, पाय सरळ झाला आणि कंबर कलली नाही म्हणजे उंची साधारण बरोबर.

सीट सपाट हवी. तिच्यावर एखादं जाड पुस्तक आडवं ठेवून मोबाइलच्या लेव्हलने बघता येतं, फक्त पार्किंगच्या उताराच्या फरशीवर करू नका (मी केलं होतं). नाक वर असेल तर पुढचा नाजूक भाग दाबला जातो, फार खाली असेल तर तुम्ही सारखे पुढे घसरणार, परत मागे सरकणार, आणि ते सरकणंच घासतं. पहिले काही दिवस अॅलन की (बोल्ट फिरवायची षट्कोनी चावी) खिशात ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीही दोन-तीन मिलिमीटरच.

रुंदीचं म्हणाल तर आपल्या बुडात बसायची दोन हाडं असतात, वजन त्यांच्यावर यायला हवं, मधल्या मऊ भागावर नाही. खोक्याचा पन्हाळीवाला पुठ्ठा पायरीवर ठेवून त्यावर बसा, जरा पुढे वाका, उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांतलं अंतर अधिक साधारण दोन सेंटीमीटर, एवढी सीट रुंद हवी. माझं 12.5 आलं, म्हणजे साडेचौदाच्या आसपासची सीट. मग त्यावर जेलचं कव्हर वगैरे चढवायच्या फंदात पडू नका, हाडं आत रुततात आणि नको तो मधला भाग वर येऊन दाबला जातो.

पहिले दोन-तीन आठवडे महूच्या वाटेवरच्या राऊपर्यंतच जा आणि परत या. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहून थोडी हवा लागू द्या. हाडांच्या जागी दुखरं वाटेल, ते चालतं, सवयीने जातं. पण मुंग्या किंवा बधिरपणा आला तर ते सहन करायचं नाही, नस दाबली जातेय, उतरा आणि सीटचा कल बघा.

आता खरा इंदुरी रोग. आपण लोक राइड संपली की घामाने चिंब पॅडवाल्या शॉर्ट्समध्ये तासभर पोहे-जलेबीच्या ठेल्यावर गप्पा हाणत उभे! फोड निम्मे तिथे पिकतात. ओलसर, गरम, घासलेली कातडी, जंतूंना अजून काय पाहिजे. पोहे घरी न्या किंवा बदलायची चड्डी पिशवीत ठेवा, पण ती शॉर्ट्स आधी काढा. तिच्या आत अंडरवेअर घालत नाहीत, हे कोणी सांगत नाही, त्याची शिवणच काचते. प्रत्येक राइडनंतर धुवा, उलटी करून उन्हात वाळवा. पावसाळ्यात वाळत नाही तेव्हा दोन जोड लागतातच.

घासणं कमी करणारं सायकलवाल्यांचं क्रीम लावा, निघण्यापूर्वी, जिथे घासतं तिथे. व्हॅसलिन चालतं पण पॅडमधून धुताना जीव जातो. पावडर नको, घामात तिचे गोळे होतात. तिथले केस वस्तऱ्याने काढू नका, खुंटं वाढताना आत वळतात आणि तिथेच केसतूड होतं. आणि खाज सुटून गोल चकंदळं उठत असतील तर तो नायटा आहे, फोड नाही, मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब घेऊन लावू नका, दोन दिवस बरं वाटतं आणि मग असा चिवट होतो की महिनोन्महिने जात नाही. त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.

एवढं करूनही फोड आलाच तर सायकल बंद, दोन-चार दिवस, कोमट पाण्याचा शेक, आणि फोडायचा नाही, कितीही हात शिवशिवला तरी. माझ्या आईने हळद-तुपाची वाटी आणली होती, तिला कसंबसं परतवलं. लाली पसरत असेल, ताप आला किंवा तुम्हाला शुगर असेल तर वाट न बघता डॉक्टरकडे.

आणि सारखा एकाच बाजूला येत असेल तर सीट तिरकी बसलीये का ते मागून उभं राहून बघा, नाहीतर एक पाय किंचित आखूड असू शकतो, तो सायकल अंगाच्या मापाने बसवून देणाऱ्या फिटिंगवाल्याला मापायला सांगा. तीन आठवड्यांनीही दुखणं कमी होत नसेल तर ती सीट तुमच्या हाडांची नाही, बदलून घ्या. तोवर जुनी विकून टाकू नका.